सेन्सॉर, पोर्तुगीज गोव्यातील

पोर्तुगीज राजवटीत गोव्यातील छापील मजकुराची प्रसिद्धीपूर्वी होणारी सरकारी तपासणी. आशियातले पहिले युरोपीय पद्धतीचे छपाईयंत्र 1556 मध्ये गोव्यातच आले. पहिले वृत्तपत्र निघायला मात्र 1821 उजाडले, आणि 'गॅझेटा दे गोवा' हे ते पत्रही सरकारीच.

1910 मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक आले आणि मोकळीक मिळाली. गोव्यातल्या मराठी पत्रकारितेने याच सुमारास बाळसे धरले. केप्याच्या गोविंद पुंडलिक हेगडे देसाईंनी 1912 मध्ये 'भारत' सुरू केले. खटले अंगावर घेता घेता त्यांना 'भारतकार' हेच नाव पडले. लुईस द मिनेझिस ब्रागांझा पोर्तुगीजमधून तितक्याच निर्भीडपणे लिहीत होते.

पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या काळात सेन्सॉरचा फास आवळला. प्रुफे, म्हणजे छपाईआधीच्या कच्च्या प्रती, आधी तपासनिसाकडे जात आणि निळ्या पेन्सिलीच्या रेघा घेऊन परतत. कापलेली जागा कोरी ठेवायची सोय नव्हती. तिथे संपादकाने दुसरे काहीतरी भरायचे. अंकावर 'विझादु पेला सेन्सुरा', म्हणजे सेन्सॉरने पाहिलेले, अशी ओळ असे. काय गाळले हे सोडाच, कुठे गाळले याचाही वाचकाला पत्ता लागत नसे. लग्नपत्रिकासुद्धा आधी मंजूर करून घ्याव्या लागत, असे जुने गोवेकर सांगतात.

परिणामी गोव्याची खरी बातमी गोव्याबाहेर तयार होऊ लागली. गोवामुक्ती चळवळीतले त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्हा यांनी पोर्तुगालमधून निसटून मुंबई गाठली आणि 1953 मध्ये 'फ्री गोवा' हे पत्र काढले. भारतीय पत्रांचे लिहिणे लिस्बनचे पोर्तुगीज सरकार प्रचार म्हणून झटकून टाकी. 15 ऑगस्ट 1955 ला गोवामुक्तीसाठी निघालेल्या सत्याग्रहींवर झालेल्या पोर्तुगीज गोळीबाराच्या वार्ता परदेशी वार्ताहरांनीही पाठवल्या. त्या झटकणे तितके सोपे नव्हते. सेन्सॉरची पेन्सिल गोव्यातल्या छापखान्यांवर चाले, तारेने बाहेर गेलेल्या मजकुरावर नव्हे.

त्याच वर्षी 25 नोव्हेंबरला वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांच्या भूमिगत नभोवाणीचा आवाज सीमेवरच्या जंगलातून घुमू लागला. कोकणी आणि पोर्तुगीजमधले हे कार्यक्रम 1961 पर्यंत चालले. आवाजाला प्रूफ नसते, ही त्यातली खरी गंमत. 19 डिसेंबर 1961 रोजी याच दोघांनी विमानात बसून, ध्वनिवर्धकावरून, मुक्तीची बातमी पणजीवर ऐकवली. मुक्त गोव्यातल्या मराठी दैनिक 'गोमन्तक'चा पहिला अंक निघाला तो 24 मार्च 1962 ला.