हजेरीपटावरची नावं : रेजिमेंटच्या वार्षिक मेळाव्यामागचा इतिहास

रेजिमेंटच्या माजी सैनिक संघटनेचा वार्षिक मेळावा म्हणजे एकाच दिवसात बसवलेले दोन कार्यक्रम. सकाळी स्मारकापाशी पुष्पचक्र, बिगूल, शांतता आणि गेलेल्यांच्या नावांचं वाचन. दुपारी पंगत, जुन्या आठवणी, मोठमोठ्याने हसणं. नवख्या माणसाला हे विजोड वाटतं. पण या संघटना मुळात दोन वेगळ्या गरजांतून उभ्या राहिल्या. त्या गरजा एकमेकींत कशा मिसळल्या हे कळलं, की दिवसाची ही मांडणी उलगडते.

पहिली गरज पोटाची होती. ब्रिटिश सैन्यात भरती झालेला शिपाई पूर्वी उमेदीची सगळी वर्षं पलटणीतच घालवायचा. १८७० च्या कायद्याने अल्पमुदतीची सेवा आली : काही वर्षं पलटणीत, उरलेली राखीव दलात. त्यामुळे हाताला दुसरं कसब नसलेले तरुण शिपाई मोठ्या संख्येने घरी परतू लागले. १८८१ च्या फेररचनेत, तोवर क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या पायदळाच्या पलटणी काउंटींच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांच्या, नावांशी आणि कायमच्या ठाण्यांशी जोडल्या गेल्या. जुन्या सोबत्याला काम मिळवून देणं, त्याच्या विधवेला चार पैसे पोचवणं, ही कामं या ओळखीच्या आधाराने होऊ लागली. मेळाव्यातल्या सभेत मदतनिधीचा हिशेब वाचतात तेव्हा अनेकजण चुळबुळ करतात. खरं तर संघटनेचं मूळ त्या हिशेबात आहे.

दुसरी गरज पहिल्या महायुद्धाने निर्माण केली. ब्रिटिश सैन्याने मृतांचे देह मायदेशी न आणता रणभूमीजवळच पुरण्याचं धोरण ठेवलं, आणि असंख्य देह तर सापडलेच नाहीत. बेल्जियममधल्या ईप्र गावच्या मेनिन गेटवर, ज्यांच्या थडग्याचा पत्ता नाही अशा ५४ हजारांहून अधिक सैनिकांची नावं कोरली आहेत. त्यातच एका गावातल्या मित्रांना एकाच बटालियनमध्ये घेण्याची पद्धत होती. १ जुलै १९१६ ला, फ्रान्समधल्या सोमच्या लढाईच्या पहिल्याच दिवशी, इंग्लंडमधल्या अ‍ॅक्रिंग्टन आणि आसपासच्या गावांतले सुमारे ७०० जण चाल करून गेले. त्यांतले ५८० हून अधिक ठार, जखमी किंवा बेपत्ता झाले. आईला जाऊन बसायला थडगं नाही, हाती उरलं ते फक्त नाव. ११ नोव्हेंबर १९१९ ला ब्रिटनभर दोन मिनिटांची शांतता पहिल्यांदा पाळली गेली ती या पार्श्वभूमीवर. नावं मोठ्याने वाचली जाताना कुणी जागचं का हलत नाही, हेही त्यातून समजतं.

मेळाव्याचा दिवस कसा ठरतो, ही मला सगळ्यात बोलकी गोष्ट वाटते. काही पलटणी विजयाचा दिवस धरतात. १ ऑगस्ट १७५९ च्या, जर्मनीतल्या मिंडेनच्या लढाईची आठवण म्हणून तिथे लढलेल्या ब्रिटिश पलटणींचे वारसदार त्या दिवशी टोपीत गुलाब खोवतात. पण अनेकदा निवडला जातो तो मूठभरांनी शेवटपर्यंत तग धरल्याचा दिवस. १२ सप्टेंबर १८९७ ला सारागढीच्या चौकीत ३६ व्या शीख पलटणीचे २१ जवान लढता लढता मेले, एकही मागे हटला नाही. शीख रेजिमेंट तो दिवस आजही पाळते.

फ्रेंच फॉरेन लीजनचा, म्हणजे फ्रान्सच्या सैन्यातल्या परदेशी सैनिकांच्या फौजेचा, दिवस ३० एप्रिल. १८६३ साली मेक्सिकोतल्या कामेरोन इथे तिच्या ६५ जणांना सुमारे दोन हजार मेक्सिकन सैन्याने घेरलं. दिवसभर झुंज चालली आणि गोळ्या संपल्यावर उरलेल्या मूठभरांनी संगिनी लावून चाल केली. त्यांचा कॅप्टन दांजू याचा डावा हात पूर्वीच एका अपघातात गेला होता आणि त्याजागी त्याने लाकडी हात बसवून घेतला होता. दांजू त्या दिवशी मारला गेला. तो लाकडी हात पुढे सापडला. आता दरवर्षी ३० एप्रिलला फ्रान्समधल्या ओबान्य इथल्या मैदानावर लीजनचा एक सन्मानित सैनिक तो हात पेटीतून संचलनात नेतो आणि लढाईचा वृत्तांत मोठ्याने वाचला जातो. एवढ्या मोठ्या फौजेने जपलेली सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे लाकडाची पाच बोटं.

मेळाव्याचा सर्वांत मोठा आणि सर्वांत हलवून टाकणारा इतिहास मात्र अमेरिकेतला आहे. यादवी युद्धानंतर उत्तरेच्या सैनिकांनी १८६६ मध्ये ‘ग्रँड आर्मी ऑफ द रिपब्लिक’ स्थापन केली. १८९० च्या सुमारास तिचे चार लाखांवर सभासद होते. सोबत्यांच्या थडग्यांवर ३० मे रोजी फुलं वाहावीत, असा आदेश तिचे प्रमुख जॉन लोगन यांनी १८६८ मध्ये काढला. आजचा मेमोरियल डे त्यातूनच आला. १९१३ मध्ये गेटिसबर्गला ५० हजारांहून अधिक वृद्ध सैनिक जमले, दोन्ही बाजूंचे. पन्नास वर्षांपूर्वी ज्या दगडी भिंतीपाशी एकमेकांवर गोळ्या झाडल्या, तिच्याच दोन अंगांना उभं राहून त्यांनी हात मिळवले. १९४९ च्या शेवटच्या अधिवेशनाला सहाजण पोचू शकले. १९५६ मध्ये अखेरचा सभासद, अल्बर्ट वुलसन, गेला आणि संघटना मिटली.

कधी आधी पलटणच मिटते. इंग्लंडमध्ये अनेक जुन्या रेजिमेंटा एकमेकींत विलीन झाल्या. स्कॉटलंडच्या कॅमेरोनियन्सनी विलीन होण्याऐवजी १४ मे १९६८ ला, उभारणीच्या २७९ व्या वाढदिवशी, विसर्जन पत्करलं. अशा ठिकाणी पलटणीचं नाव माजी सैनिकांच्या मेळाव्यात तेवढं पुकारलं जातं, आणि ते थकले की त्यांची मुलं-नातवंडं ते काम हाती घेतात.

१८ एप्रिल १९४२ ला जपानवर पहिला हवाई हल्ला करणाऱ्या ८० अमेरिकन हवाई सैनिकांनी आपल्या मेळाव्यासाठी ८० चांदीचे चषक जपले होते. प्रत्येकावर नाव दोनदा कोरलेलं, एकदा सुलट आणि एकदा उलट. माणूस गेला की त्याचा चषक पालथा ठेवायचा, म्हणजे दुसरं नाव सरळ वाचता येतं. २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये डेटन इथे त्यांनी १८९६ सालची कोन्याकची (फ्रेंच ब्रँडीची) बाटली उघडली. १८९६ हे त्यांचे प्रमुख डूलिटल यांचं जन्मवर्ष. हयात चौघांपैकी तिघे येऊ शकले होते. त्यांतले शेवटचे, रिचर्ड कोल, २०१९ मध्ये १०३ व्या वर्षी गेले, आणि ऐंशीवा चषकही पालथा झाला.