तांब्या उचलतो तो मंत्र नव्हे, घर्षण

तांदळाने भरलेल्या तांब्यात सुरी खुपसायची, मंत्र पुटपुटायचा आणि सुरी धरून अख्खा तांब्या अधांतरी उचलायचा, हा भोंदूबाबांचा जुना खेळ. वर्गात मात्र घर्षण म्हणजे लाकडी ठोकळा आणि ताणकाटा. त्यातून मुलांच्या डोक्यात 'खरखरीत म्हणजे जास्त घर्षण' एवढंच उरतं. दाबाचं महत्त्व शिकवायला तांब्याच हवा.

सुरीऐवजी बोटाएवढी जाड, कोरडी लाकडी काठी घ्या. निमुळत्या गळ्याच्या अर्ध्या लिटरच्या तांब्यात साधारण 400 ग्रॅम कच्चा तांदूळ मावतो. तांब्या हलकेच आपटत काठोकाठ भरा. काठी खोल खुपसा, थोडी वर ओढा, पुन्हा खुपसा. असं पंधरा-वीस वेळा करा. दाणे खाली बसले की वरून भर घाला. काठी आत जायला जड होऊ लागली की सरळ वर उचला. तिरकी ओढलीत तर सैल होऊन निसटते.

काठी शिरताना दाण्यांना बाजूला सारते. त्यांना सरकायला जागा नसते, कारण तांब्याची भिंत हटत नाही. भिंतीचा उलटा रेटा दाण्यादाण्यांतून काठीपर्यंत पोचतो. हेच लंबबल, म्हणजे पृष्ठभागाला काटकोनात दाबणारं बल, आणि इथे ते वजनामुळे नव्हे, कोंडल्यामुळे आलेलं असतं. तांब्या आणि तांदूळ मिळून 600 ग्रॅम म्हणजे सुमारे 6 न्यूटन पेलायचे. घर्षणांक (जास्तीत जास्त घर्षण भागिले लंबबल) 0.4 धरला, तर काठीवर चहूबाजूंनी मिळून 15 न्यूटन रेटा पुरतो. रेटा याहून जास्त असला तरी स्थितिक घर्षण, म्हणजे काहीही न सरकता असणारं घर्षण, 6 न्यूटनच लागतं. ते गरजेपुरतंच असतं. गळा निमुळता असल्याने तांब्याही तांदळावरून सुटत नाही.

पसरट पातेल्यात हे जमत नाही, दाणे वर उसळून मोकळे होतात. मऊ प्लास्टिकची बाटली फुगते आणि रेटा ओसरतो. काठीला तेलाचा हात लागला तरी फसतं.

दाणे आणि भिंत यांच्यातलं असंच घर्षण धान्याच्या कोठारातही काम करतं. जर्मन अभियंता यान्सेन याने 1895 साली दाखवलं, की उंच कोठारात धान्याची रास वाढत गेली तरी तळावरचा दाब एका मर्यादेनंतर जवळपास वाढत नाही. वरचं बरंचसं वजन भिंतीच पेलतात. 4 सेंटिमीटर व्यासाचा, 30 सेंटिमीटर लांब पाइप स्टँडला घट्ट बांधून स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर उभा धरा आणि तांदूळ ओतत जा. आत सुमारे 300 ग्रॅम गेला तरी काट्यावरचा आकडा त्याच्या बराच खाली अडतो. पाइप आणि काटा यांच्यात जेमतेम 1 मिलिमीटर फट ठेवा. पाइप काट्याला टेकला, तर भिंतीने पेललेलं वजनही आकड्यात मिसळतं.