हळदीची पट्टी आणि पायथॉनचं फंक्शन

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा झाला की शेतकऱ्याच्या हातात पट्टी येते: वजन, दर, पोती, हमालीची वजावट आणि तळाला निव्वळ रक्कम. आकडे दरवेळी वेगळे, हिशेबाची रीत तीच. ही रीत एकदाच लिहून तिला नाव दिलं की झालं फंक्शन.

पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत सुरुवात ‘डेफ’ने. पुढे फंक्शनचं नाव, कंसात वजन, दर, पोती, हमाली आणि ओळीच्या शेवटी कोलन. खालच्या ओळी चार स्पेस आत घ्यायच्या. वजन गुणिले दर, त्यातून पोती गुणिले हमाली वजा. कंसातच ‘हमाली=२०’ लिहिलं, तर ती वेगळी न सांगताही २० धरली जाते. समजा ८ क्विंटल, दर १५००० आणि पोती १६, तर १२०००० वजा ३२०, म्हणजे ११९६८०. नुसतं लिहून मात्र काहीच चालत नाही. नाव घेऊन कंसात आकडे द्यावे लागतात.

उत्तर ‘रिटर्न’ने परत द्यायचं. नवशिके तिथे ‘प्रिंट’ लिहितात. रक्कम पडद्यावर झकास दिसते, पण दोन पट्ट्यांची बेरीज करायला गेलं की प्रोग्रॅम अडतो, कारण फंक्शनने हातात काही दिलेलंच नसतं. पायथॉन त्याला ‘नन’ म्हणतो.

एरर येते तेव्हा निदान चूक कळते. खरा घात गुपचूप होतो. वहीतल्या सवयीने कंसात ८, मग १५,००० आणि मग १६ लिहिलं, तर दरातल्या स्वल्पविरामामुळे पायथॉनला तीनऐवजी चार आकडे मिळतात: वजन ८, दर १५, पोती ०, हमाली १६. तक्रार शून्य, उत्तर १२० रुपये! तसंच वजन आणि पोती यांची अदलाबदल झाली, तर २३९८४० येतात. शेतकरी खूश, हिशेब चुकीचा. म्हणून ‘वजन=८, दर=१५०००, पोती=१६’ असं नावानिशी द्यावं. मग क्रम कोणताही चालतो आणि दरात स्वल्पविराम घुसलाच, तर पायथॉन तिथल्या तिथे हरकत घेतो.

वजन कीबोर्डवरून ‘इनपुट’ने घेतलं असेल, तर ते मजकूर म्हणून येतं. मजकुरातला ८ आणि १५००० ही संख्या यांचा गुणाकार म्हणजे ८ हा आकडा सलग पंधरा हजार वेळा! आधी ‘फ्लोट’ने त्याची संख्या करून घ्यावी. फक्त पूर्ण संख्या करणारं ‘इंट’ नको, साडेआठ क्विंटलला, म्हणजे ८.५ टाइप केलं की, ते अडतं.