क्रायसोपा: एका मित्रकिडीची चुकीची नावे

नागपूरभोवतालच्या कपाशीत पावसाळ्याच्या उत्तरार्धात माव्याने भरलेले पान उलटून पाहिले, तर कधीकधी केसासारख्या बारीक देठांवर टाचणीच्या डोक्याहूनही लहान अशी हिरवट अंडी उभी दिसतात. पाहणाऱ्याला ती प्रथमदर्शनी बुरशीच वाटावी. प्रत्यक्षात ती हिरव्या जाळीपंखी कीटकाची, म्हणजे शेतकरी ज्याला 'क्रायसोपा' म्हणतात त्या मित्रकिडीची असतात. मादी पोटाचे टोक पानाला टेकवून स्रावाचा थेंब सोडते, मग पोट वर उचलते. त्याबरोबर ताणला गेलेला थेंब हवेत कडक होतो आणि त्या तंतूच्या शेंड्यावर ती एकच अंडे ठेवते. या खटाटोपाने अंडी मुंग्यांपासून वाचतात, तशीच आधी जन्मलेल्या भावंडांपासूनही. प्रयोगशाळेत तांदळावरील पतंगाची अंडी खाऊ घालून या अळ्या वाढवताना प्रत्येकीला स्वतंत्र कप्पा द्यावा लागतो, नाहीतर त्या एकमेकींनाच फस्त करतात.

अळीचा वरचा व खालचा जबडा जुळून विळ्यासारखी पोकळ नळी बनते. ती माव्यात खुपसून अळी पाचक रस आत सोडते आणि विरघळलेले शरीर शोषून घेते. तिचे मध्यांत्र मागच्या आतड्याला जोडलेले नसल्याने घन विष्ठा प्रौढ होईपर्यंत पोटातच साठते. कोषाचे रेशीम तर त्याहून चमत्कारिक जागेतून येते: एरवी उत्सर्जनाचे काम करणाऱ्या मालपिघी नलिका ते तयार करतात आणि अळी ते गुदद्वारातून कातते.

स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियसने १७५८ साली जाळीपंखी कीटकांचा न्यूरोप्टेरा हा गण मांडला, तेव्हा त्यात चतुरही घातले होते. आज या गणात सुमारे ६,००० जाती असून धुळीत नरसाळ्यासारखे खड्डे करून मुंग्या पकडणारे कीटक हे क्रायसोपाचे भाऊबंद ठरतात. माझ्या मते या नात्याची खूण जाळीदार पंखांपेक्षा अळीच्या पोकळ जबड्यांत अधिक भरवशाची आहे. क्रायसोपाच्या क्रायसोपिडी या एकट्या कुळातच सुमारे १,४०० जाती येतात.

गंमत अशी की, शेतात रूढ झालेले 'क्रायसोपा' हे नाव काटेकोरपणे दुसऱ्याच प्रजातीचे, म्हणजे जवळच्या जातींच्या दुसऱ्याच गटाचे आहे. त्या प्रजातीचे प्रौढही शिकार करतात. आपल्याकडचा कीटक मात्र क्रायसोपर्ला या प्रजातीतला असून त्याचे प्रौढ पराग आणि माव्याच्या चिकट गोड स्रावावर जगतात. तो वर्षानुवर्षे 'क्रायसोपर्ला कार्निया' या युरोपातील जातीच्या नावाने ओळखला गेला, कारण या गटातल्या जाती दिसायला जवळपास सारख्या असतात. त्या वेगळ्या ओळखता येतात त्या गाण्यावरून. नर-मादी पोट थरथरवतात, तो कंप पानातून व देठातून जोडीदारापर्यंत पोहोचतो आणि दोघांची लय जुळली तरच मीलन होते. या कंपांच्या नोंदींवरून भारतातील कीटक 'क्रायसोपर्ला झास्ट्रोवी सिलेमी' असल्याचे ठरले. तेव्हा जुन्या कृषिपुस्तिकांत भारतातील पिकांसंदर्भात 'कार्निया' छापलेले आढळले, तर ते बहुधा याच कीटकाविषयी आहे असे समजावे.