लॅटिनो म्हातारपणाचं कोडं: आयुष्य लांब, दुखणंही लांब

१९८६ साली किरियाकोस मार्किडिस आणि जीनीन कोरील या संशोधकांनी अमेरिकेच्या नैऋत्य राज्यांतल्या हिस्पॅनिक, म्हणजे मूळच्या स्पॅनिशभाषक देशांतल्या (यांनाच लॅटिनोही म्हणतात), लोकांच्या आरोग्याचा आढावा प्रसिद्ध केला. कमाई कमी, शाळा कमी, विमा असलाच तर तोकडा. अशा लोकांचे मृत्यूदर वाईटच निघणार असं सगळे धरून चालले होते. प्रत्यक्षात ते गोऱ्यांच्या जवळपास निघाले. याला पुढे ‘हिस्पॅनिक विरोधाभास’ असं नाव पडलं. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या हिस्पॅनिकांचं अपेक्षित आयुर्मान ८१.९ वर्षं होतं, तर गोऱ्यांचं ७८.८. कोविडने २०२० मध्ये हिस्पॅनिकांची त्यातली चार वर्षं एका फटक्यात खाल्ली. शेतं, खाटीकखाने, हॉटेलची स्वयंपाकघरं ही कामं घरी बसून होत नाहीत, आणि एका छताखाली तीन पिढ्या राहत असतील तर आजार आजीपर्यंत पोचायला वेळ लागत नाही. तरी २०२२ मध्ये आकडे पुन्हा ८० आणि ७७.५ वर आले.

असं का होतं? पहिलं उत्तर म्हणजे स्थलांतर करतो तो मुळात धडधाकट असतो. दुसरं म्हणजे आजारी पडल्यावर लोक मरायला मायदेशी जातात आणि अमेरिकेच्या नोंदीतून गळतात. अंडी घालायला जन्मनदीत परतणाऱ्या सॅमन माशावरून याला नाव मिळालं आहे. पण १९९९ च्या एका अभ्यासाने यात छान खोच काढली. क्युबातून आलेल्यांना तेव्हा सहजी परत जाता येत नव्हतं आणि प्वेर्तो रिको या अमेरिकेच्या ताब्यातल्या बेटावरचे मृत्यू अमेरिकेच्याच नोंदीत धरले जातात, तरी या दोन्ही गटांचा मृत्यूदर गोऱ्यांपेक्षा कमीच होता. तिसरं उत्तर साधं आहे आणि बहुधा सगळ्यात वजनदार: हे लोक सिगारेट कमी ओढतात.

इथवरची गोष्ट वर्तमानपत्रांना आवडते. पुढची कमी छापली जाते.

१९९३-९४ मध्ये टेक्सास, कॅलिफोर्निया, ॲरिझोना, कोलोरॅडो आणि न्यू मेक्सिको या पाच राज्यांतल्या ६५ च्या पुढच्या ३,०५० मेक्सिकन-अमेरिकन वृद्धांची पाहणी सुरू झाली आणि पुढे अनेक वर्षं त्याच लोकांना पुन्हा पुन्हा भेटून चालू राहिली. तिच्यातून आणि अशा इतर अभ्यासांतून दिसतं ते हे, की मरण लांबणीवर पडतं, पण अंथरूण धरणं लांबणीवर पडत नाही. मधुमेहाचं प्रमाण जास्त, आणि त्याच्यामागून डोळे, मूत्रपिंड, पाय. आयुष्यभर वाकून भाजी तोडलेल्या किंवा छपरं घातलेल्या माणसाचे गुडघे आणि कंबर आधीच गेलेली असते. अल्झायमर आणि इतर स्मृतिभ्रंशांचा धोका गोऱ्या वृद्धांच्या सुमारे दीडपट मानला जातो. आंघोळ, कपडे, जेवण, खुर्चीतून उठणं, चालणं, संडास या सहा गोष्टींपैकी एखाददुसरीला मदत लागण्याची वर्षं त्यांच्या वाट्याला जास्त येतात. म्हणजे आयुर्मानाच्या तक्त्यात जी वर्षं कमावलेली दिसतात, ती बऱ्याचदा दुसऱ्या कुणाच्या तरी हातांवर काढलेली असतात. ते हात बहुतेक वेळा लेकीचे किंवा सुनेचे.

स्पॅनिशमध्ये या कुटुंबधर्माला ‘फामिलिस्मो’ म्हणतात. आईवडिलांना संस्थेत ठेवणं म्हणजे टाकून देणं, ही भावना आपल्याकडे कुणाला समजावून सांगायला नको. पण सगळं श्रेय किंवा दोष संस्कृतीला देणं मला पटत नाही. नियम पाहिले की कळतं, पुष्कळांना दुसरा रस्ताच नसतो. मेडिकेअर हा पासष्टीनंतरचा सरकारी विमा. त्याचा रुग्णालयाचा भाग फुकट मिळायला पगारातून कर कापला गेलेली ४० तिमाही, म्हणजे दहा वर्षं, नोकरी लागते. कर न भरता रोख मजुरीवर बागकाम किंवा धुणीभांडी केलेली वर्षं त्यात धरली जात नाहीत. तिमाही कमी भरल्या, तर ग्रीन कार्डावर सलग पाच वर्षं राहिल्यावर हा भाग विकत घेता येतो. ३० पेक्षा कमी तिमाही असतील तर २०२५ मध्ये त्याचा हप्ता महिन्याला ५१८ डॉलर होता. नवऱ्याच्या किंवा बायकोच्या तिमाही कामी येऊ शकतात, मुलांच्या येत नाहीत. (न्यू जर्सीत किंवा बे एरियात मुलाकडे कायमचे राहायला गेलेल्या मराठी आईवडिलांनाही हेच गणित लागू आहे, आणि ते विमानात बसण्याआधी करायचं असतं.) आणि एवढं करूनही मेडिकेअर रोजच्या सेवेचे, आंघोळ घालण्या-भरवण्याचे पैसे देत नाही. ते मेडिकेड हा दुसरा सरकारी विमा देतो, पण तिथे गरिबीची अट आहे आणि १९९६ च्या कायद्यापासून बहुतेक नव्या ग्रीन कार्डधारकांना पाच वर्षं थांबावं लागतं. कागदपत्रं नसलेल्यांची गोष्टच वेगळी.

मग घरात काय चुकतं? सगळ्यात आधी औषधं. बाटलीवर इंग्रजीत ‘वन्स’ लिहिलेलं असतं, म्हणजे दिवसातून एकदा. तीच चार अक्षरं स्पॅनिशमध्ये ‘ओन्से’ वाचतात आणि त्याचा अर्थ होतो अकरा. रक्तदाबाची गोळी अकरा वेळा, हा विनोद नाही. औषधांच्या सुरक्षिततेबद्दल बोलताना हे उदाहरण हमखास येतं. लेबल स्पॅनिशमध्ये मागावं, आणि संख्या शब्दाने न लिहिता आकड्यात लिहून घ्यावी.

दुसरी अडचण न सांगितलेल्या औषधांची. नोपाल, म्हणजे आपला फड्या निवडुंग, मेक्सिकन घरात भाजी म्हणून आणि साखरेवरचं औषध म्हणूनही खातात. तो साखर खरोखर थोडी उतरवतो, त्यामुळे इन्सुलिन किंवा ग्लिबेनक्लामाइड या मधुमेहाच्या गोळीवर तो भरीला पडला की साखर धोक्याच्या खाली जाऊ शकते. रक्तातली साखर ७० च्या खाली गेली तर १५ ग्रॅम साखर, म्हणजे अर्धा कप फळांचा रस किंवा चार छोटे चमचे साखर द्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा मोजावं, अजून कमी असेल तर तेवढंच पुन्हा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये, ९११ ला फोन करावा. अशक्त, अनेक आजार असलेल्या वृद्धाची तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) सात टक्क्यांच्या खाली आणायचा हट्टही धरू नये; आठच्या आत पुरते.

मेटामिझोल, आपल्याकडचं ॲनाल्जिन, मेक्सिकोत ताप-दुखण्यासाठी सर्रास घेतात. अमेरिकेत ते १९७७ पासून बंद आहे, कारण क्वचित त्याने पांढऱ्या पेशी एकदम कोसळतात. सीमेपलीकडून आणलेली गोळी घेऊन आजीला ताप आणि घशात फोड आले, तर अमेरिकन डॉक्टरला ते औषध सुचणारच नाही. म्हणून दर भेटीला घरातलं सगळं, गोळ्या, काढे, मलमं, इंजेक्शनं, एका पिशवीत भरून समोर ओतावं. यादी आठवून सांगू नये.

दुभाष्या म्हणून मुलाला किंवा नातवाला नेणं हीही जुनी चूक. लघवी आवरत नाही हे आई मुलाच्या तोंडून सांगत नाही, आणि वाईट बातमी मुलगा आईला पूर्ण सांगत नाही. भेटीची वेळ घेतानाच दुभाष्या मागावा. डॉक्टरने रुग्णाकडे पाहून बोलावं, एकावेळी एकदोन वाक्यं, आणि शेवटी रुग्णाकडून तेच पुन्हा वदवून घ्यावं.

स्मरणशक्तीच्या चाचणीत तर भाषांतर करूनही भागत नाही. ‘वर्ल्ड’ या शब्दाची अक्षरं उलटी सांगा, याच्याऐवजी ‘मुंदो’ची (स्पॅनिशमध्ये जग) उलटी सांगा म्हटलं तरी दुसरीत शाळा सुटलेल्या शेतमजुराला ते जमणार नाही, आणि कागदावर तो स्मृतिभ्रंशाचा रुग्ण ठरेल. हरियाणातल्या बल्लभगडच्या निरक्षर वृद्धांसाठी हिंदी चाचणी बनवताना संशोधकांनी हाच पेच सोडवला होता: मूळ चाचणीतल्या वजाबाक्यांऐवजी आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगितले. घरच्यांना विचारायचा प्रश्न आणखी सोपा आहे. दोन वर्षांपूर्वी जमत होतं आणि आता जमत नाही असं काय? पैसे मोजणं, नेहमीचा पदार्थ, बसचा रस्ता?

सांभाळणाऱ्यांवर झालेल्या अभ्यासांत २००६ चा एक प्रयोग महत्त्वाचा आहे. पाच शहरांत स्मृतिभ्रंश झालेल्यांना सांभाळणाऱ्या ६४२ जणांची निवड झाली. हिस्पॅनिक, गोरे आणि कृष्णवर्णीय साधारण एकेक तृतीयांश. निम्म्यांना सहा महिन्यांत घरी आणि फोनवर मिळून बारा बैठका दिल्या: घर सुरक्षित कसं करायचं, आरडाओरडा कशाने सुरू होतो ते टिपून कसं ठेवायचं, स्वतःची झोप आणि तब्येत कशी राखायची. सहा महिन्यांनी त्यांच्यात नैराश्य १२.६ टक्के होतं, उरलेल्यांत २२.७. हिस्पॅनिकांच्या एकूण जगण्याच्या दर्जातही स्पष्ट सुधारणा दिसली. वृद्धांना संस्थेत पाठवण्याच्या प्रमाणात मात्र दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता.