चार दाण्यांचा ब्लॉक, चार दाण्यांचा टब

साखर पेठेतल्या आमच्या घरी भाचा चौकटीच्या वहीवर शेंगदाणे मांडून बसला होता. खेळ 'गेम ऑफ लाइफ'. जॉन कॉनवे या ब्रिटिश गणितज्ञाचा हा खेळ १९७०च्या ऑक्टोबरमध्ये मार्टिन गार्डनर यांच्या मासिकातल्या सदरातून लोकांपर्यंत पोचला.

नियम थोडेच. प्रत्येक घराला आठ शेजारी, तिरपे धरून. दाण्याला दोन किंवा तीन शेजारी दाणे असतील तर तो राहतो, नाहीतर उचलायचा. रिकाम्या घराभोवती नेमके तीन दाणे असले की तिथे नवा दाणा. आधी सगळं मोजायचं, मग एकदम बदलायचं; लोक इथेच घोटाळा करतात.

भाच्यानं दोन आकृत्या मांडल्या. ब्लॉक म्हणजे दोन बाय दोनचा ठोकळा. टब म्हणजे मधलं घर रिकामं ठेवून वर, खाली, डावीकडे, उजवीकडे एकेक दाणा. चादरीच्या नक्षीतलं बारकं फूलच.

"मामा, दोन्हीत चारच दाणे, दोन्ही गप्पच बसलेत की. मग दोन नावं कशाला?"

मी म्हटलं, प्रत्येकातला एक दाणा खा.

ब्लॉकमधला खाल्ला. उरलेल्या तिघांना प्रत्येकी दोन शेजारी, म्हणून ते टिकले. रिकाम्या घराला तीन शेजारी मिळाले, म्हणून तिथे दाणा परत आला. एका फेरीत ठोकळा जसाच्या तसा.

टबात मुळातच प्रत्येकाला दोनच शेजारी, तेही तिरपे. खालचा खाल्ल्यावर डाव्या-उजव्याला एकेकच उरला, ते गेले. मधल्या घराला आधी चार शेजारी होते म्हणून ते रिकामं होतं. आता तीन झाले, तिथे दाणा उगवला. उरले वरचा आणि मधला, एकमेकांचे एकुलते शेजारी. पुढच्या फेरीला वही कोरी.

कुठेही दाणे उधळून खेळ चालवला तर शेवटी ब्लॉक सर्वांत जास्त सापडतात, टब त्यामानानं क्वचित. कोपऱ्यासारखे तीन दाणे कुठेही जमले, आजूबाजूला कुणी नसलं, की ब्लॉक होतोच.

टबाच्या एका कोपऱ्यात पाचवा दाणा ठेवला तर 'बोट' होते, तीही स्थिर. पण तोच दाणा मधोमध ठेवला तर आकृती फुगत जाते आणि सहाव्या फेरीला तीन-तीन दाण्यांच्या चार लुकलुकत्या पट्ट्या उरतात. आम्ही पाचव्या फेरीलाच अडलो. तिथे वीस दाणे लागतात, आणि वाटीत तेवढे उरले नव्हते.