सहा महिन्यांचे गावकरी

गोव्यातल्या हरमलला आमच्या घरामागे एक खोली आहे. मुळात ती नारळ, सोडणं आणि गवताचे भारे ठेवायची. १९८० च्या दशकात आईने तिला चुना लावून घेतला, जमीन शेणाने सारवली आणि ती परदेशी लोकांना भाड्याने द्यायला सुरुवात केली. हिशेब ती माझ्या शाळेच्या दुरेघी वहीत ठेवायची. वहीत कुणाचंही खरं नाव नाही. 'लांब केसांचो', 'जर्मन', 'जर्मनाची बायल', 'बांसरीवालो' अशा नोंदी आणि पुढे रक्कम. हिशेब मराठीत आणि माणसं कोकणीत, हे पेडणे तालुक्यातल्या घरांना नवीन नाही.

त्यातला 'जर्मन' ऑक्टोबरात यायचा आणि एप्रिलमध्ये, कैऱ्या लागल्या की जायचा. तीसच्या वर सीझन त्याने काढले. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात खरी हरमलची मिरची कुठली आणि हरमलची म्हणून खपवलेली कुठली, हे त्याला माझ्यापेक्षा नीट कळायचं. गेली काही वर्षं तो येत नाही. त्याच्यासारखे आणखीही बरेच जण येईनासे झालेत.

गोव्यातल्या परदेशी माणसांबद्दल लिहिताना समुद्र, संगीत आणि गांजा एवढ्यावरच बहुतेकांचं भागतं. मला मात्र खोली आणि कागद या दोन गोष्टी जास्त बोलक्या वाटतात.

आधी खोली. १९ डिसेंबर १९६१ ला पोर्तुगीज गेले, पण बारदेश तालुक्यातली घरं रिकामी होणं त्याच्या कितीतरी आधी सुरू झालं होतं. मुंबई, कराची, पूर्व आफ्रिका, जहाजावरची नोकरी, पुढे आखात. कर्ता पुरुष बाहेर आणि घरात एक म्हातारी, असं चित्र ख्रिस्ती वाड्यांवर सर्रास दिसायचं. त्यात भर १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेची. मुलगा असो वा मुलगी, वाटा सारखा, आणि लग्न झालं की सहसा नवराबायकोची मालमत्ता सामाईक. न्यायाच्या दृष्टीने हे उत्तमच, पण घर विकायचं तर सगळे वारस आणि त्यांचे जोडीदार, सगळ्यांच्या सह्या हव्यात. एक भाऊ नैरोबीत, एक बहीण वांद्र्याला, तिसऱ्याचा पत्ताच नाही. घर विकता येत नाही, पडू द्यायला जीव होत नाही. मग उरतं भाड्याने देणं.

१९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात इस्तंबूल, तेहरान, काबूल, दिल्ली असा रस्ता तुडवत आणि मुंबईहून बोटीने पणजीला उतरत जी तरुण मंडळी आली, त्यांना ही घरं मिळाली. शिंपल्यांच्या खिडक्या, मोठा ओटा, परसात विहीर. आधी बारदेशातलं कळंगुट, आणि तिथे मुंबईचे लोक हिप्पी बघायला बसने येऊ लागले तेव्हा पुढे हणजूण. 'एट फिंगर एडी' म्हणून ओळखला जाणारा अमेरिकन माणूस याच सुरुवातीच्या लोकांतला. पैसे संपलेल्यांना तो सूप करून वाढायचा. हणजूणचा बुधवारचा बाजारही असाच उभा राहिला. परतीच्या तिकिटासाठी कुणी कॅमेरा विकायला मांडला, कुणी गिटार. आज तिथे काश्मिरी शाली आणि कर्नाटकातून आलेल्या बायकांच्या माळा मिळतात, कॅमेरा विकणारा एकही दिसत नाही.

पेडण्यात त्यांना पोचायला वेळ लागला, कारण मध्ये शापोरा नदी. शिवोलीहून चोपड्याला फेरीबोटीने यायचं, शेवटची फेरी चुकली की रात्र तिथेच काढायची. शिवाय दोन तालुक्यांचा घाटच वेगळा. बारदेश जुन्या काबिजादीतला, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या मुलखातला. पेडणे १७८८ मध्ये सावंतवाडीच्या भोसल्यांकडून पोर्तुगीजांकडे आलं, म्हणजे नव्या काबिजादीतलं. रिकामे पडलेले मोठे बंगले आमच्याकडे तुलनेने कमी. इथे परदेशी माणसाला मिळायची ती मागची खोली, आणि ओट्यावर घरमालकीण बसलेली. बारदेशात तो भाडेकरू असायचा. आमच्याकडे त्याचा पाहुणा व्हायचा, आणि पाहुण्याला अधिकाराने सांगता येतं, की बाबा, तुळशीसमोरून जाताना अंगात काहीतरी घाल. आईने हे कोकणीत सांगितलं होतं, आणि समोरच्याला ते नेमकं कळलं होतं.

आता कागद. आज विश्वास बसणार नाही, पण १९८४ पर्यंत ब्रिटन, कॅनडा अशा राष्ट्रकुल देशांच्या लोकांना भारतात यायला व्हिसाच लागत नसे. इंग्रज माणूस आला की हवा तितका राही. पंजाबच्या अशांततेच्या काळात ती सवलत गेली. त्याआधी १९७९ मध्ये इराणची क्रांती आणि अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा, यांनी जमिनीवरचा रस्ताही बंद केला होता. त्यामुळे जे आले ते विमानाने, तारखेचा शिक्का घेऊन. १९८३ मध्ये राष्ट्रकुल देशांच्या नेत्यांची विश्रांतीची बैठक गोव्यात झाली, तिच्यासाठी रस्ते चकचकीत झाले. १९८५ पासून युरोपातली चार्टर विमानं दाबोळीला उतरू लागली, आणि त्यांच्याविरुद्ध मोर्चेही निघाले.

चार्टरने येणारा दोन आठवड्यांनी परत जातो, पैसे हॉटेलात टाकतो. आमच्या जर्मनाला या लोकांचा मनस्वी राग. 'टुरिस्ट' हा शब्द तो शिवीसारखा उच्चारायचा. स्वतःच्या पासपोर्टावर टुरिस्ट व्हिसाचाच शिक्का आहे, हे त्याला कुणी आठवून देत नसे. आणि गोव्यात 'गांवकार' म्हणजे कोमुनिदादीच्या, गावच्या सामाईक जमिनीच्या जुन्या संस्थेच्या, मूळ घराण्यात जन्मलेला, हेही त्याला ठाऊक नसावं. त्या अर्थाने आम्हीसुद्धा गांवकार नाही, मग तो कुठला?

नव्वदच्या दशकात गोवा ट्रान्स या इलेक्ट्रॉनिक संगीताचं नाव जगभर झालं. सॅन फ्रान्सिस्कोहून आलेला 'गोवा गिल' हा त्यातला सर्वांत परिचित चेहरा. मग २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर उघड्यावरच्या कर्ण्यांना बंदी घातली. पार्ट्या पूर्ण थांबल्या नाहीत, त्या आत सरकल्या आणि त्यांना तिकिटं लागली. यावर जास्त लिहीत नाही, कारण तीस वर्षं राहिलेल्यांतले अर्धे लोक रात्री नऊला झोपणारे होते.

त्यांच्या मुळावर आला तो दुसराच कायदा. १९९९ चा फेमा, म्हणजे परकीय चलन व्यवस्थापन कायदा, १ जून २००० पासून लागू झाला. त्यानुसार भारतीय नागरिक नसलेला माणूस इथे घर घेऊ शकतो, पण तो 'भारतात निवासी' असला पाहिजे, आणि त्यासाठी आधीच्या आर्थिक वर्षात १८२ दिवसांपेक्षा जास्त मुक्काम हवा. टुरिस्ट व्हिसावर एका खेपेला फार तर १८० दिवस राहता येतं. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. मधल्या दोन दिवसांत कित्येकांची घरं अडकली. काही जण खेपा जोडून १८२ चा आकडा गाठायचे आणि समजायचे, झालं काम. पण नुसते दिवस भरून भागत नाही. नोकरीसाठी, धंद्यासाठी किंवा अनिश्चित काळ राहण्याच्या हेतूने आलेलं असावं लागतं, आणि टुरिस्ट हा व्याख्येनेच परत जाणारा.

२००० नंतरच्या दशकात ब्रिटिश पेन्शनरांनी घरं घेतली, जुनी कौलं उतरवून नवी घातली, एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे गोव्याच्या सातबारावर, आपलं नाव चढलेलं पाहिलं. नोंदणी कार्यालयाने खत नोंदवलं, वकिलाने फी घेतली, आणि काही वर्षांनी ईडीच्या नोटिसा आल्या, एकदोघांना नव्हे, शेकडो लोकांना. चूक कुणाची? माझ्या मते घेणाऱ्याची निम्मी. उरलेली निम्मी ज्यांना कायदा ठाऊक होता आणि तरी ज्यांनी विकलं, त्यांची. गावात मात्र बोलताना सगळं खापर परदेशी माणसावर फुटायचं.

डिसेंबर २००९ मध्ये आणखी एक फटका बसला. २६/११ च्या हल्ल्याआधी वारंवार येऊन पाहणी करून गेलेल्या डेव्हिड हेडलीच्या प्रकरणानंतर नियम आला, की टुरिस्ट व्हिसावर एकदा बाहेर गेलं की दोन महिने परत यायचं नाही. तोवर लोक नेपाळला किंवा श्रीलंकेला जाऊन आठवड्यात परतत. वहीत त्या वर्षी 'जर्मन' या नावापुढे दोन ओळी कोऱ्या आहेत. आईने खोली रिकामी ठेवली होती. २०१२ च्या अखेरीस बहुतेक देशांसाठी तो नियम मागे घेतला गेला, पण भारतात निवृत्तांसाठी वेगळा व्हिसा तेव्हाही नव्हता, आजही नाही. थायलंडमध्ये आहे, पन्नाशी ओलांडलेल्यांना मिळतो. आमचा जर्मन आता हिवाळ्यात तिकडे जातो. व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवतो आणि खाली लिहितो, मिरची बेचव.

गावाची बाजूही सांगितली पाहिजे. सगळे परदेशी पाहुण्यासारखे राहिले नाहीत. मोरजी-आश्वे पट्ट्यात रशियन लोक वाढले तशा दुकानांवर रशियन पाट्या लागल्या, हॉटेलांचे मेन्यू रशियनमध्ये छापले गेले. टुरिस्ट व्हिसावर धंदा करता येत नाही, म्हणून परवाना गावातल्या माणसाच्या नावे आणि गल्ल्यावर दुसराच, असे प्रकार झाले. टॅक्सीवाल्यांचे खटके उडाले. त्या काळात मोरजीच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतच होती, आणि त्यांच्या जागेला कुंपण घालावं लागलं ते माणसांपासूनच.

तोवर गावही गाव राहिलं नव्हतं. शिवोली-चोपडे पूल झाला आणि फेरीची वाट बघणं संपलं. २०११ च्या जनगणनेत गोव्याची ६२ टक्के लोकसंख्या शहरी ठरली. पंचायत तीच, भाटं तीच, पण जनगणनेच्या व्याख्येत गावंच्या गावं शहरं झाली. पोस्टात 'पोस्ट रेस्टांट'ची, म्हणजे पोस्टातच ठेवून घेतलेली, पत्रं शोधत उभे राहणारे लोक आधी एसटीडी बूथवर, मग सायबर कॅफेत गेले, आणि मग त्यांना बाहेर पडायची गरजच उरली नाही. माझ्या मते गावाशी असलेला त्यांचा धागा पातळ झाला तो इथे. पत्र आणायला गेलं की पोस्टमास्तराशी दोन शब्द व्हायचे, वाटेत पदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, पोळी घेतली जायची.

मार्च २०२० च्या टाळेबंदीत जे इथे अडकले त्यांना व्हिसाच्या मुदती पुन्हापुन्हा वाढवून मिळाल्या. अनेकांनी आयुष्यात पहिल्यांदा इथला अख्खा पावसाळा पाहिला. भिंतींना आलेली बुरशी, दिवसदिवस गेलेली वीज, अळंब्यांचा मोसम. पंचवीस सीझन काढलेली एक फ्रेंच बाई मला म्हणाली, की गोवा हिरवा असतो हे तिला ऐकून माहीत होतं. त्याच काळात दिल्ली, मुंबई, बंगळूरूचे लोक लॅपटॉप घेऊन आले आणि राहायला लागले. त्यांना १८२ दिवस मोजायचे नव्हते. आसगाव, शिवोलीत त्यांनी घरं विकत घेतली, आणि जी भाड्याने घेतली त्यांचं भाडं जो सांगेल ते दिलं. डिसेंबर २०२२ मध्ये मोपा विमानतळाचं उद्घाटन झालं आणि पेडण्यातल्या जमिनीचे भाव बोलायच्या पलीकडे गेले. चाळीस वर्षं युरोपातल्या चलनाच्या जोरावर इथे स्वस्तात राहिलेला माणूस आता भारतीय रुपयापुढे मागे पडला. याचं मला वाईट वाटतं, आणि थोडी गंमतही वाटते.

एट फिंगर एडी २०१० मध्ये गोव्यातच गेला, गोवा गिल २०२३ मध्ये. आईची वही २०१४ ला थांबते. त्यानंतरचं सगळं मी फोनवर बघतो. परदेशी माणूस घरात उतरला की चोवीस तासांत त्याच्या मुक्कामाची माहिती देणारा फॉर्म, म्हणजे जुना 'सी फॉर्म', भरायचा असतो. पूर्वी कागदावर भरून पोलीस स्टेशनात नेऊन द्यायचो, आता ऑनलाइन.

गेल्या चवथीला मी तो एकदाच भरला. चुलतभाऊ आला होता, स्विंडनहून. काकांचा जन्म १९६१ च्या आधीचा, म्हणून त्यांची नोंद लिस्बनला करून भावाने पोर्तुगीज पासपोर्ट काढला आणि इंग्लंडला गेला. गोव्यातून असे कितीतरी गेलेत. भारतीय नागरिकत्व गेलं, हातात ओसीआय कार्ड आलं, परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयांना मिळतं ते. मागच्या खोलीत गादी घातली, कारण पुढचं घर माणसांनी भरलेलं होतं. तो गणपतीवरच्या माटोळीला सुपाऱ्यांचे घोस बांधत होता आणि मी बाजूला बसून त्याचा पासपोर्ट नंबर टाकत होतो. राष्ट्रीयत्व पोर्तुगीज. भारतातला पत्ता विचारला, तिथे आमचाच घर नंबर लिहिला. पुढे भेटीचं कारण यादीतून निवडायचं होतं. चवथ त्या यादीत नव्हती. त्याला विचारलं, काय लिहू? वरून सुतळी तोडत तो म्हणाला, "टुरिस्ट घाल रे."